आमच्या हजेरीपटात एक रकाना कमी आहे

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

महोदय,

सविनय नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, शहराला लागून असलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. सकाळी वर्गाचं कुलूप काढलं की माझं पहिलं काम म्हणजे ओलं फडकं घेऊन बाक पुसणं. रोज पुसते आणि रोज फडकं काळं निघतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मला यायला दहा मिनिटं उशीर झाला. शिपाईकाकांनी दार उघडून दिलं होतं. आत पाहिलं तर मुलांनी बाकांवर साचलेल्या थरात बोटांनी आपापली नावं लिहिली होती. एकाने बेडूक काढला होता, एकीने स्वस्तिक. बोटं काळी झाली ती त्यांनी सवयीने चड्डीला आणि फ्रॉकला पुसली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण धूळ काळी असते हेच त्यांना जन्मापासून माहीत आहे.

या थरात राख किती, कोळसा किती, रस्त्याची धूळ किती आणि चुलीचा धूर किती, हे मी सांगू शकत नाही. ते मोजणं तुमचं काम आहे. ते झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

पत्राला निमित्त झाली ११ जुलै २०२५ ची अधिसूचना. ७ डिसेंबर २०१५ रोजी तुमच्याच मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांसाठी धुराचे नवे निकष लावले होते. चिमणीतून जाणारा सल्फर डायऑक्साइड कमी करायचा, त्यासाठी धूर चुनखडीच्या पाण्याने धुणारी एफजीडी यंत्रणा बसवायची आणि हे दोन वर्षांत करायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षांची मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये ती पुन्हा वाढली, २०२२ मध्ये आणखी, २०२४ च्या शेवटी आणखी. आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या जवळपास ७८ टक्के केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. चंद्रपूर 'ब' वर्गात मोडतं, म्हणजे अतिप्रदूषित क्षेत्राच्या किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आतलं. या वर्गासाठी निर्णय तज्ज्ञ समितीपुढे 'प्रकरणागणिक' घ्यायचा आणि यंत्रणा बसवायची ठरलीच तर मुदत डिसेंबर २०२८.

२०१५ च्या त्या डिसेंबरात आमच्या गावात जी बाळं जन्मली, त्यांना मी पहिलीत घेतलं, बाराखडी शिकवली, पाढे पाठ करून घेतले. तुमची सूट जाहीर झाली तेव्हा ती चौथी पास होऊन पाचवीत गेली होती. २०२८ च्या डिसेंबरात ती १३ वर्षांची होतील. फायलीला मुदतवाढ मिळते, वाढत्या फुप्फुसाला मिळत नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा त्याला पहिल्यांदा दम लागला. जानेवारीतली रात्र होती, धुकं होतं. छातीतून मांजरीच्या पिलासारखा आवाज येत होता. मी त्याचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. त्याच्या बाबांनी मोटरसायकल काढली, मी त्याला पोटाशी धरून मागे बसले. दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफ दिली. त्या वेळी पलीकडच्या खाटेवर आमच्याच शाळेतली एक मुलगी तसाच मास्क लावून बसली होती. मला पाहून तिने हात हलवला. आज मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याच्या कंपासपेटीत पट्टी, कर्कटक, खोडरबर आणि दम्याचा निळा पंप असतो.

माझ्या मुलाला पंप मिळाला, कारण मी पगारदार आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मला कळतं. सगळ्यांचं तसं नाही. तिसरीतली एक मुलगी दर हिवाळ्यात आठवड्यातून दोन दिवस घरी राहायची. मी घरी गेले. आजी अंगणात शेगडी फुंकत होती. म्हणाली, "मॅडम, पंपाची सवय लागते म्हणतेत. पोरीची जात आहे, उद्या सोयरीक कशी होईन? दमा-बिमा काही नाही, कमजोर आहे जराशी." मी तासभर समजावलं. पंपातलं औषध श्वासनळीपुरतं असतं, त्याचं व्यसन लागत नाही, उपचार न करणंच धोक्याचं. आजीने ऐकून घेतलं. दुसऱ्या हिवाळ्यात पोरगी पुन्हा घरी.

तिला शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी तिच्या हातात एक प्लॅस्टिकची नळी दिली, बाजूला आकड्यांची पट्टी आणि त्यावर सरकणारा काटा. "वाढदिवसाची मेणबत्ती विझवते ना, तशी जोरात फुंक मार." तिने गाल फुगवून फुंकलं. काटा १४० वर थांबला. पुन्हा फुंकलं, १३०. डॉक्टर म्हणाले, हिच्या उंचीला २५० च्या आसपास हवा. मला ती नळी हातात घेऊन पाहावीशी वाटली. एवढीशी वस्तू, विजेशिवाय चालणारी, आणि जी गोष्ट मला तीन वर्षं नुसती दिसत होती ती तिने एका फुंकरीत आकड्यात सांगितली.

आता माझ्या तक्रारी. पहिली सविस्तर मांडते, कारण सूट देताना तिचाच आधार घेतला गेला.

तुमचं म्हणणं असं, की आपल्या कोळशात गंधक कमी असतो आणि शहरांतल्या हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. मग इतका खर्च कशाला? पण हा वायू वायू म्हणूनच राहत नाही. हवेत काही तासांत, काही दिवसांत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यात, मोजले जातात. म्हणजे वायूच्या रकान्यात आकडा कमी दिसतो, त्याचा काही भाग कणांच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, नाकातल्या केसांनी अडत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. ज्यांना एफजीडीतून सूट मिळाली त्यांना चिमणीच्या उंचीची अट घातली आहे. चिमणी उंच असली की धूर जवळच्या गावावर कमी पडतो हे खरं, पण तो नाहीसा होत नाही. दूरवर पसरतो, वाटेत त्याचे कण होतात आणि दुसऱ्या कुठल्या तरी शाळेवर उतरतात.

दुसरी तक्रार मोजणीची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, चंद्रपूरचं नाव त्यात आलं, निधी आला. पण शहराची प्रगती जोखली जाते ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे ज्यात जाडी धूळही धरली जाते त्या आकड्यावर. रस्ते झाडले, पाणी मारलं, दुभाजकावर झाडं लावली की हा आकडा खाली येतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, रस्ते झाडायलाच हवेत. पण मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचतो तो बारीक कण, आणि तो झाडूने जात नाही. शिवाय चोवीस तास हवा मोजणारी केंद्रं एक शहरात आणि एक खुटाळ्याच्या एमआयडीसीत. घुग्घुस, दुर्गापूर, पडोली, ताडाळी या भागातल्या शाळांच्या पटांगणात मुलं सकाळी परिपाठाला रांगेत उभी राहून खोल श्वास घेऊन प्रार्थना म्हणतात, तिथे त्या तासाला हवा कशी असते याची नोंद कुठे आहे? हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते, धूर वर जातच नाही. ऊन चढेपर्यंत सगळ्यात वाईट वेळ तीच असते.

तिसरी. आपल्याकडे पीएम २.५ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० आणि दिवसाच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम दर घनमीटर हवेत अशी आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच ५ आणि १५ अशी सांगितली. या फरकावर तज्ज्ञ बोलतील. मला इतकंच विचारायचं आहे, की ४० हा आकडा कोणाच्या छातीसाठी धरला आहे? परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना घड्याळ लावून एक मिनिट स्वतःचे श्वास मोजायला लावते. गेल्या वेळी बहुतेकांचे २० ते २४ भरले, माझे १५. तान्ह्या बाळाचे ४० च्या घरात असतात. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. ते धावतं, धावताना तोंडाने श्वास घेतं, जमिनीच्या जवळ असतं, हात तोंडात घालतं. आणि त्याचं फुप्फुस अजून घडतं आहे. वायुकोश बालपणी वाढत जातात, फुप्फुसाची ताकद विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहते. त्या वर्षांत जी कमी राहिली ती पुढे भरून निघणं कठीण.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या गावांतल्या शाळकरी मुलांची फुंकर दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी मोजली गेली. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सगळ्यात प्रदूषित गावांत अठराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद ठळकपणे कमी असलेल्या मुलांचं प्रमाण, स्वच्छ हवेच्या गावांच्या जवळपास पाचपट होतं. त्यातली बरीच मुलं दमेकरी नव्हती. आई-बापांना ती धडधाकटच वाटत असणार. पुढे त्याच भागात नियम कडक झाले, हवा सुधारली, आणि नंतरच्या मुलांची मोजणी केली तेव्हा त्यांची फुप्फुसं आधीच्या मुलांपेक्षा चांगली वाढलेली आढळली. हा दुसरा निष्कर्ष २०१५ चा, म्हणजे ज्या वर्षी तुम्ही निकष लावले त्याच वर्षीचा. हवा सुधारली तर पोरं सुधारतात, हे एवढं स्पष्ट हातात असताना आपण दहा वर्षं मुदती वाढवत बसलो, याचं मला फार वाईट वाटतं.

चौथी तक्रार माझ्या हजेरीपटाची आहे. त्यात मी 'आजारी' लिहिते. कशाने आजारी, यासाठी रकाना नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. वजन, उंची, दात, डोळे, त्वचा बघतात, मनापासून बघतात, त्या डॉक्टर ताईंबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्या यादीत श्वासनळीचा विकारही आहे. पण फुंकर मोजायची नळी त्यांच्या पेटीत नसते. स्टेथोस्कोप लावला त्या दिवशी छाती मोकळी असली की मूल निरोगी. आणि पथक आमच्याकडे आलं होतं पावसाळ्यात, जेव्हा हवा सगळ्यात स्वच्छ असते.

लंडनमध्ये एला नावाची ९ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. ती वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. तिची आई शिक्षिका. त्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथल्या चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण नोंदवलं. ते वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. एका मुलीच्या कागदावर ते दोन शब्द यायला सात वर्षं लागली, तीसुद्धा लंडनमध्ये. आमच्याकडे तो रकानाच नाही, मग आकडा येणार कुठून? आणि आकडा नाही म्हणून परिणाम नाही, असं समितीपुढे म्हणायला सगळे मोकळे.

राखेच्या आणि कोळशाच्या ट्रकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांना दिसतं. ताडपत्री अर्धी उघडी असते, गतिरोधकावर ट्रक आदळला की मागे ढग उठतो, आणि आमच्या गावातला गतिरोधक मुलांच्या सुरक्षेसाठी म्हणून शाळेसमोरच बांधलेला आहे. याबद्दल मी एका कार्यालयाला दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.'

आता आमच्या बाजूचंही सांगते. घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटतात. त्यांचा धूर बंद खोलीत सगळ्यात आधी लेकरांच्याच नाकात जातो. सिलिंडर आहे, पण दुसऱ्यांदा भरून आणायला पैसे नसतात, आणि कोळसा इथे रस्त्यावर पडलेला मिळतो. याचा दोष मी एकट्या सरकारला देत नाही. पालकसभेत मी दर वेळी हे बोलते. आणि कोळशाशी माझं वैर नाही. माझे सासरे खाणीत होते, त्यांच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं, माझं डीएड झालं ते त्याच पैशावर. इथलं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र महाराष्ट्र सरकारच्या मालकीच्या केंद्रांत सगळ्यात मोठं आहे, त्यावर मुंबई-पुण्याचे दिवे लागतात, लागू देत. हजारो घरं त्यावर चालतात. ते बंद करा असं या पत्रात कुठेही नाही. पण २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली ८८ औद्योगिक क्षेत्रं तपासली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं. तेव्हापासून आम्हाला वाट पाहायला सांगितलं जातं. एवढी वाट पाहिल्यावर सूट मिळायला हवी होती ती मुलांना.

माझ्या मागण्या अशा:

१. चंद्रपूरचं प्रकरण समितीपुढे येईल तेव्हा सुनावणी चंद्रपुरात घ्या, आधी मराठीत जाहीर करून. इथल्या बालरोगतज्ज्ञांना, आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना आणि शिक्षकांना बोलावून ऐका. मुलांच्या आरोग्याची पाहणी समोर नसताना निर्णय घेऊ नका. माझं स्वतःचं म्हणणं स्पष्ट आहे: यंत्रणा बसवा आणि २०२८ ही मुदत शेवटची समजा.

२. औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांच्या आवारात, मुलांच्या उंचीवर, पीएम २.५ मोजा. आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिता येईल अशा रीतीने रोज सकाळी कळवा. हवा वाईट असेल त्या दिवशी परिपाठ वर्गात घ्यायचा आणि खेळाचा तास दुपारी, हा अधिकार मुख्याध्यापकांना लेखी द्या.

३. स्वच्छ हवा कार्यक्रमात चंद्रपूरची प्रगती पीएम २.५ वर जोखा.

४. आरोग्य विभागाशी बोलून बाल स्वास्थ्य पथकाच्या पेटीत फुंकर मोजायची नळी घाला, आणि या पट्ट्यात पथक डिसेंबर-जानेवारीत पाठवा. प्रत्येक मुलाचा आकडा पहिली ते दहावी एका कार्डावर नोंदवला जाऊ द्या. गावागावांची बेरीज, मुलांची नावं वगळून, दरवर्षी जाहीर करा.

५. दम्याचे पंप आणि ते वापरायची स्पेसरची नळी प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम आणि मोफत मिळावी. सवय लागते ही भीती घालवायला आशाताईंना प्रशिक्षण द्या. त्या आजीला माझं पटलं नाही, आशाताईचं पटेल.

६. राखेचे आणि कोळशाचे ट्रक पूर्ण झाकलेले असावेत, आणि शाळा भरायच्या व सुटायच्या वेळेला शाळेसमोरून जाऊ नयेत. याला पैसे लागत नाहीत, आदेश लागतो. हा आदेश या महिन्यातही निघू शकतो.

७. या पट्ट्यातल्या गरीब घरांना सिलिंडर पुन्हा भरण्यासाठी जादा सवलत द्यावी, यासाठी मंत्रालयाने संबंधित खात्याकडे स्वतः शिफारस करावी.

या पत्राची प्रत मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवली आहे. १४ पालकांनी खाली सह्या केल्या, तिघींनी अंगठे दिले. अंगठा देणाऱ्यांत ती आजीही आहे.

डॉक्टरांकडे पाहिली तशी एक नळी मी माझ्या पैशाने आणली आहे. ती एकच असल्याने वर्गात ३१ मुलांनी वापरावी अशी नाही, एकाचं दुसऱ्याला लागेल. तरीही एका वहीत मी ३१ नावं लिहून ठेवली आहेत. नावापुढे वय, उंची, वजन भरलं आहे. शेवटचा रकाना आखून रिकामा ठेवला आहे. आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत ३१ नळ्या आणि त्या वापरायला शिकवणारं एखादं माणूस पाठवता येईल का, ते कळवावं.

आपली,
चौथीच्या वर्गाची एक शिक्षिका,
चंद्रपूर जिल्हा